बाळाचं डोकं एका बाजूने चपटं: दोन ठिकाणी दोन आकडे, खरा कोणता?

नाशिकच्या सिडकोतल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा साडेचार महिन्यांचा. पाचव्या महिन्यात जावळ काढलं तेव्हा लक्षात आलं की डोकं मागून उजव्या बाजूला चपटं आहे. एका सेंटरमध्ये स्कॅन केला, तिथे ९.४ टक्के आलं आणि 'तीव्र आहे, डोक्याला आकार देणारं हेल्मेट लगेच सुरू करा' असं सांगितलं. त्याच आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांनी हाताने मोजलं, ८.६ टक्के आलं आणि 'मध्यम आहे, थांबून बघू' म्हणाले. घरी सासूबाईंचा मोहरीच्या उशीचा आग्रह आहे. दोन्ही रिपोर्टचे आणि बाळाच्या डोक्याचे फोटो पाठवलेत आणि विचारलंय, कोणाचं ऐकायचं?

ताई, आधी तुमचे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवा. टक्क्यांकडे बघू नका, त्यांच्या वर लिहिलेल्या मिलिमीटरकडे बघा. पहिल्या कागदावर डोक्याची एक तिरकी लांबी १४० आहे आणि दुसरी १२८. दुसऱ्या कागदावर १३९ आणि १२७. म्हणजे दोन्हीकडे फरक अगदी सारखाच आला आहे, १२ मिलिमीटर. पहिल्यांनी या १२ ला लहान लांबीने, म्हणजे १२८ ने भागलं, म्हणून ९.४ आले. दुसऱ्यांनी मोठ्या लांबीने, १३९ ने भागलं, म्हणून ८.६. दोन्ही पद्धती वापरात आहेत आणि कोणीही चुकीचं मोजलेलं नाही. पण तीव्रता ठरवायला जे पाच पायऱ्यांचं कोष्टक बऱ्याच ठिकाणी वापरतात, ते अटलांटाच्या मुलांच्या रुग्णालयातून आलेलं आहे. त्यात ३.५ टक्क्यांपर्यंत नॉर्मल, मग ६.२५, ८.७५ आणि ११ अशा रेषा आहेत. तुमच्या बाळाचे दोन आकडे ८.७५ च्या अलीकडे आणि पलीकडे पडले. एकच डोकं, एकच १२ मिलिमीटर, पण एका कागदावर तिसरी पायरी आणि दुसऱ्यावर चौथी.

माझी कळकळ याबद्दलच आहे. टक्केवारी उपयोगाची आहे, मी स्वतः रोज वापरते. पण ती निदान नाही. निदान आधी डोळ्यांनी आणि बोटांनी होतं. त्यानंतर आकडा येतो, तोही एकटा नाही, महिन्याभराने त्याच पद्धतीने काढलेल्या दुसऱ्या आकड्याच्या जोडीने. तुमच्या दोन्ही कागदांवर चपटेपणाचं कारण लिहिलेलं नाही. डोक्याचा घेर नाही, डोक्याची सरळ लांबी-रुंदी नाही, मानेबद्दल एक ओळ नाही. नुसत्या टक्केवारीवर हेल्मेटचा निर्णय सांगितला गेला, हे मला खटकतं.

कारण म्हणजे काय, ते सांगते. कवटी एकसंध नसते. तिच्या हाडांमध्ये शिवणी असतात, त्यांना आम्ही सुचर म्हणतो. मेंदू पहिल्या वर्षात झपाट्याने वाढतो आणि कवटी या शिवणींमधून सैल होत त्याच्यासोबत वाढते. डोकं एका बाजूने चपटं होण्याची मुख्य कारणं दोन. बहुतेक वेळा बाळ सतत एकाच बाजूवर डोकं टेकवून झोपतं आणि मऊ हाड तिथे बसतं. क्वचित एखादी शिवण वेळेआधीच जुळलेली असते. कोणतीही शिवण लवकर जुळणं हे साधारण दोन ते अडीच हजार बाळांत एकाला होतं, आणि त्यातही मागची तिरकी शिवण, म्हणजे लॅम्बडॉइड, जुळणं फारच विरळ. पण ती जुळली असेल तर तिथे कूस बदलून काही होत नाही, शस्त्रक्रिया लागते. म्हणून कॅलिपर, म्हणजे दोन टोकांमधलं अंतर मोजायचं साधन, हातात घेण्याआधी हे दोन वेगळे करायचेच.

ते मी असं करते. बाळाला आईच्या मांडीवर, माझ्याकडे पाठ करून बसवते आणि वरून बघते. दोन्ही तर्जन्या अलगद दोन्ही कानांच्या भोकांशी टेकवते, म्हणजे कोणता कान पुढे आहे ते बोटांवरून लगेच कळतं. झोपण्याच्या सवयीमुळे उजवी बाजू बसली असेल तर उजवा कान पुढे ढकललेला असतो आणि उजवं कपाळही थोडं पुढे आलेलं असतं. वरून आकार शाळेतल्या समांतरभुज चौकोनासारखा दिसतो. शिवण जुळली असेल तर चपट्या बाजूचा कान साधारणपणे मागे आणि खाली ओढलेला असतो, कानामागचं हाड फुगून येतं, आणि मागून पाहिलं तर डोक्याचा तळच कलता दिसतो. मग बोट शिवणीवरून फिरवते. जुळलेल्या शिवणीवर कडक कंगोरा लागतो. टाळू बघते, घेर मोजते.

चपटेपणा पुढे कपाळावर असेल, त्या बाजूची भुवई वर चढलेली आणि डोळा जास्त उघडा दिसत असेल, तर तो वेगळाच प्रकार. तिथे पुढची शिवण तपासायला हवी आणि उशीर करायचा नाही, कारण दुर्बिणीतून होणारी छोटी शस्त्रक्रिया पहिल्या काही महिन्यांतच सगळ्यात चांगली जमते. तुम्ही पाठवलेल्या वरून काढलेल्या फोटोत उजवा कान पुढे दिसतोय आणि उजवं कपाळही. फोटोवरून निदान करत नाही, पण हे चित्र झोपण्याच्या सवयीकडे बोट दाखवतं. तपासणीत जरा जरी शंका आली, तर अनुभवी रेडिओलॉजिस्टकडून शिवणीची सोनोग्राफी करायची. त्यातही उलगडा झाला नाही तरच कमी डोसचा सीटी. तुमच्या मुलाचा सेंटरमध्ये झालेला स्कॅन हा सीटी नव्हे. तो प्रकाशाने डोक्याचा बाहेरचा आकार टिपणारा स्कॅन आहे, त्यात रेडिएशन नसतं. ती धास्ती मनातून काढून टाका.

आता मोजण्याबद्दल, कारण तुमचा मूळ प्रश्न तिथेच आहे.

डोक्यावर दोन तिरक्या रेषा कल्पा. भुवयांच्या मधल्या बिंदूपासून मागच्या उंचवट्यापर्यंत मधली सरळ रेषा, आणि तिच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांवर एकेक तिरकी रेषा. या दोन तिरक्या लांबींचा फरक म्हणजे असममिती. सगळं मोजायचं ते एकाच पातळीवर, जिथे डोक्याचा घेर सगळ्यात मोठा असतो तिथे, भुवयांच्या जरा वर आणि मागे उंचवट्यावरून. काहीजण ३० अंशांऐवजी भुवईच्या बाहेरच्या टोकापासून समोरच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत मोजतात. तेही चालतं, पण मग आकडे थोडे वेगळे येतात आणि एका पद्धतीचे आकडे दुसरीशी जुळवून बघता येत नाहीत.

प्रत्यक्षात काय अडचणी येतात त्या बघा. सकाळी मालिश झालेली असते, टाळूला तेल भरलेलं असतं, कॅलिपरची बोथट टोकं केसांवरून सरकतात. म्हणून मी मोजमापाच्या दिवशी डोक्याला तेल लावून आणू नका असं सांगते. दाट जावळ असेल तर वर पातळ, ताणणारी टोपी घालते, म्हणजे केस दबतात. टोपीची शिवण मोजायच्या पातळीवर येऊ द्यायची नाही. बिंदूंवर काजळाच्या पेन्सिलीने ठिपके देते. टोकं किती दाबली यावरही मिलिमीटरभर इकडे तिकडे होतं, म्हणून फक्त टेकवायची, दाबायची नाहीत. प्रत्येक लांबी तीनदा घेते आणि मधला आकडा लिहिते. बाळ रडत असेल तर थांबते. दूध पिऊन शांत झालेल्या बाळाचं मोजमाप आणि हात झटकणाऱ्या बाळाचं मोजमाप यांत फार फरक पडतो.

एवढी काळजी घेऊनही हाताच्या मोजमापात एक-दोन मिलिमीटरचा फरक राहतोच. तुमच्या मुलाच्या डोक्यावर १ मिलिमीटर म्हणजे पाऊण टक्क्याच्या आसपास. म्हणजे कोणी एक टक्का सुधारणा दाखवली, तर ती खरी सुधारणा आहे की हात जरा वेगळा पडला, हे सांगता येत नाही. स्कॅनर यात जास्त चोख आहे, शिवाय तो पूर्ण आकार साठवतो, कपाळ आणि कानांची जागाही दाखवतो. पण टोपीला सुरकुती पडली किंवा सॉफ्टवेअरमध्ये पातळी वरखाली धरली गेली, तर तोही चुकीचा आकडा दोन दशांशांपर्यंत नेटका छापून देतो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवरून येणाऱ्या आयांना मी आवर्जून सांगते, स्कॅनर नाही म्हणून काही अडत नाही. चांगला कॅलिपर, न ताणणारी टेप आणि दर वेळी मोजणारा तोच हात, एवढ्यावर बहुतेक निर्णय नीट घेता येतात.

तिरक्या फरकाच्या आकड्यात एक आंधळी जागा आहे. डोकं मागून दोन्ही बाजूंनी सारखंच बसलं असेल, तर दोन्ही तिरक्या लांबी सारख्या येतात आणि रिपोर्ट म्हणतो 'नॉर्मल'. म्हणून डोक्याची रुंदी भागिले लांबी गुणिले शंभर, हा निर्देशांकही काढायचा. तो साधारण ९० च्या वर गेला की डोकं मागून आखूड आणि रुंद झालंय असं धरतात. ही रेषा मात्र जगभर एकसारखी नाही. आशियातल्या बऱ्याच समाजांत डोकी मुळातच थोडी रुंद असतात, तेव्हा ९१ आला म्हणून घाबरायचं कारण नाही.

घेराची टेप मी कधीच सोडत नाही. पहिले तीन महिने घेर महिन्याला सुमारे २ सेंटिमीटर वाढतो, पुढचे तीन महिने सुमारे १, आणि नंतर वर्षापर्यंत अर्धा. लसीच्या कार्डावर दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना घेर लिहिलेला असेल तर तो काढून ठेवा. ते तीन आकडे माझ्यासाठी त्या ९.४ पेक्षा मोलाचे आहेत. घेर वाढीच्या आलेखावर आपल्या रेषेला धरून चाललाय की रेषा सोडून वर किंवा खाली जातोय, यावरून मेंदूच्या वाढीबद्दल कळतं. चपटेपणाच्या टक्क्यांवरून ते कळत नाही.

'मेंदू दबेल का?' हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण तो मनात असणार. झोपण्याच्या सवयीने झालेल्या चपटेपणात मेंदू दबत नाही. वाढीला जागा मिळते, फक्त आकार एका अंगाला सरकतो. अशा बाळांपैकी काहींचा विकास, विशेषतः हालचालींचा, थोडा मागे असल्याचं अभ्यासांत दिसलंय. पण बहुतेक ते उलट दिशेने असतं. जे बाळ कमी हालतं, मान कमी वळवतं, त्याचं डोकं बसतं. म्हणून मी चपटं डोकं दिसलं की बाळ मान धरतंय का, हात तोंडाशी नेतंय का, दोन्ही बाजूंना सारखं बघतंय का, हेही बघते.

तुमच्या मुलाची मान नीट तपासून घ्या, हे या उत्तरातलं सगळ्यात तातडीचं काम. उजवीकडे चपटं असलेलं बाळ बहुधा सतत उजवीकडे बघत असतं. त्यामागे मानेच्या डाव्या बाजूचा स्नायू आखडलेला असू शकतो, कधी त्यात बोराएवढी गाठही लागते. बाळाला उताणं ठेवा, खांदे हलके धरा आणि आवडतं खेळणं हळूहळू डावीकडे न्या. हनुवटी डाव्या खांद्याच्या रेषेपर्यंत सहज जायला हवी. अर्ध्यावर अडत असेल, किंवा मान वळण्याऐवजी अख्खं अंगच वळत असेल, तर लहान मुलांच्या फिजिओथेरपिस्टकडून ताणाचे व्यायाम शिकून घ्या. मान मोकळी झाल्याशिवाय कूस बदलण्याचे सगळे उपाय अपुरे पडतात, कारण तुम्ही डोकं डावीकडे वळवाल आणि ते परत उजवीकडेच येईल.

हे किती बाळांना होतं, ते कळलं तर जीव थोडा शांत होईल. कॅनडातल्या कॅल्गरीत ७ ते १२ आठवड्यांच्या ४४० बाळांची पाहणी झाली, ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ४६.६ टक्के बाळांत काही ना काही चपटेपणा सापडला, बहुतेकांत सौम्य. न्यूझीलंडच्या २००४ मधल्या अभ्यासात बाळांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. चौथ्या महिन्यात १९.७ टक्के बाळांची डोकी ठरवलेल्या मर्यादेबाहेर होती, वर्षाच्या शेवटी ६.८ टक्के आणि दोन वर्षांना ३.३ टक्के. चौथा महिना हा शिखराचा महिना, आणि तुम्ही नेमकं शिखरावर असताना मोजलं आहे.

हेल्मेटबद्दल माझं मत स्पष्ट सांगते. २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या एका चाचणीत मध्यम ते तीव्र चपटेपणाच्या ८४ बाळांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. पाचव्या-सहाव्या महिन्यांत एका गटाला हेल्मेट दिलं, दुसऱ्याला काहीच नाही. दोन वर्षांची झाल्यावर पूर्ण सुधारलेली बाळं हेल्मेटच्या गटात २६ टक्के आणि दुसऱ्या गटात २३ टक्के. हेल्मेट वापरणाऱ्या सगळ्याच पालकांनी काही ना काही त्रास सांगितला, त्यात त्वचेचा त्रास मोठा. या चाचणीवर टीकाही झाली आहे, हेल्मेट नीट बसत नव्हती, अतितीव्र बाळं त्यात नव्हती, म्हणून ती शेवटचा शब्द मानत नाही. अमेरिकेतल्या न्यूरोसर्जन मंडळींच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना हेल्मेटला जागा देतात, पण ती मध्यम ते तीव्र असममिती कूस बदलून आणि फिजिओथेरपी करूनही राहिली तर, किंवा बाळ उशिरा आलं तर. तुमच्या बाबतीत कूस बदलणं अजून सुरूच झालेलं नाही. दिवसाचे २३ तास हेल्मेट, नाशिकचा एप्रिल-मे, घामोळं, आणि खर्चही थोडाथोडका नाही. मी साडेचार महिन्यांच्या या बाळाला आज हेल्मेट देणार नाही. पण दार बंदही करणार नाही. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत फरक हलला नाही, तर तेव्हा पुन्हा मोकळेपणाने बोलू, आणि तेव्हाही हेल्मेटला उशीर झालेला नसेल.

घरात काय करायचं ते बघा. रात्री झोपवायचं उताणंच, यात बदल नाही. अमेरिकेत १९९२ मध्ये बाळांना उताणं झोपवायची शिफारस झाली, १९९४ पासून मोहीम चालली आणि झोपेत अचानक होणारे बालमृत्यू निम्म्याहून खाली आले. चपटी डोकी तेव्हापासून वाढली हे खरं, पण त्यासाठी बाळाला पालथं झोपवायचं नाही. जागं असताना, तुमच्या नजरेसमोर मात्र भरपूर पालथं ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिवसभरात मिळून किमान अर्धा तास सांगितलाय, तुम्ही त्याहून जास्त करा, पाच-पाच मिनिटांनी. आजोबांच्या छातीवर पालथं ठेवलं तरी चालतं. पाळणा भिंतीला लागून असेल तर बाळाचं डोकं आज जिकडे आहे तिकडे उद्या पाय करा. दार, खिडकी, टीव्ही, स्वयंपाकघरातला आवाज, बाळ जिकडे जीव आहे तिकडे वळतं, ती बाजू आता त्याच्या डावीकडे यायला हवी. रात्री तुम्ही कोणत्या अंगाला झोपता तेही बदला. झोळीत बाळ गोळा होऊन एकाच कुशीवर पडतं, म्हणून झोळी फक्त शांत करण्यापुरती, तासनतास नको. कारच्या सीटमध्ये किंवा बाउन्सरमध्ये प्रवास संपल्यावर झोपू देऊ नका.

मोहरीच्या उशीबद्दल सासूबाईंना माझ्या वतीने आदराने सांगा. त्यांच्या पिढीने ती प्रेमाने शिवली, आमच्याही घरी होती. पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या डोक्याखाली कोणतीही उशी नको. तोंड तिच्यात रुतू शकतं, मान पुढे झुकून श्वास अडू शकतो, आणि शिवण उसवली तर दाणे नाकातोंडात जातात. मधे भोक असलेल्या बाजारातल्या गोल उशांनाही हेच लागू. मालिशवाल्या मावशी डोकं दोन्ही तळव्यांत धरून गोल करत असतील तर ते थांबवा. हाडावर क्षणभर दिलेल्या दाबाने आकार बदलत नाही आणि टाळूजवळ जोर लावणं धोक्याचं आहे. मालिश अंगाला खुशाल चालू द्या. मानेलाही हलक्या हाताने चालेल, ती मोकळी असेल तर.

घरच्या घरी नोंद ठेवायची असेल तर दर पंधरा दिवसांनी एक फोटो काढा. अंघोळीनंतर केस ओले असताना, बाळ मांडीवर बसलेलं, फोन बरोबर डोक्यावर, हाताभर लांब धरून झूम केलेला. जवळून काढलेल्या फोटोत आकार वेडावाकडा येतो. नाकाचं टोक आणि दोन्ही कान दिसायलाच हवेत, नाहीतर तो फोटो तुलनेला निरुपयोगी.

पुढचं मोजमाप चार आठवड्यांनी करा, या दोनपैकी एकाच ठिकाणी, आणि कागदावर मिलिमीटर, कोणत्या लांबीने भागलं ते, घेर, लांबी-रुंदी आणि मानेची हालचाल लिहून मागा. बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर तेही सांगा, वय तसं धरावं लागतं. १२ चे १० किंवा ९ झाले तर तुम्ही बरोबर वाटेवर आहात. १२ चे १४ झाले, घेराची वाढ थांबली, टाळू फुगलेली वाटली, शिवणीवर कंगोरा लागला, बाळ वारंवार उलटी करू लागलं किंवा डोळे खाली वळलेले दिसले, तर चार आठवड्यांची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांकडे जा. खाजगी खर्च झेपत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर लहान मुलांची तपासणी आणि फिजिओथेरपी होते. अंगणवाडीताई किंवा आशाताई तिथे पाठवण्याची चिठ्ठी मिळवून देतील.